घ्राणेंद्रियाची साक्ष

ज्ञानेंद्रियें पांच, असें आपण लहानपणापासून म्हणत आलों असलों, तरी आपल्या विचारांत व वाङ्मयांत या पांचांना सारखा मान मिळालेला नाहीं. डोळ्याचा मान पहिला, कानाचा दुसरा. जिव्हेची प्रतिष्ठा तर एवढी कीं, आमच्या साहित्यशास्त्रानें 'रस' हा आपला सर्वांत मोठा शब्द तिच्याच पाकशाळेंतून उचलला. नाकाच्या वांट्याला काय आलें, हें पाहावयाचें असल्यास अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह उघडावा. तेथें रूपाचे सात प्रकार सांगितले आहेत, रसाचे सहा, स्पर्शाचे तीन. आणि गंधाचे दोनच, सुरभि व असुरभि. ज्या पृथ्वीवर आपण राहतों तिचें लक्षण म्हणून न्यायशास्त्रानें गंध हाच गुण निवडला, आणि त्या गुणाची वाटणी मात्र चांगला व वाईट या दोन शब्दांत उरकून टाकली. तांबड्याहून पिवळा वेगळा, हें जितक्या काळजीनें नोंदलें, तितक्या काळजीनें करपलेल्या डाळीहून कुबट धान्य वेगळें, हें कोणीं नोंदलें नाहीं.

या उपेक्षित इंद्रियाला इ. स. २०२० मध्यें अकस्मात् साक्षीदाराच्या पिंजऱ्यांत उभें राहावें लागलें. कोविडची साथ युरोपांत पसरत असतां, मार्चच्या तिसऱ्या आठवड्यांत इंग्लंडांतील कान-नाक-घशाच्या शल्यवैद्यांच्या संघटनेनें असा इशारा दिला कीं, ज्याचें गंधज्ञान एकाएकीं गेलें आहे, त्यानें दुसरें कांहींहि लक्षण नसलें तरी आपणांस या विषाणूची बाधा झाली असण्याचा संभव आहे असें समजून इतरांपासून दूर राहावें. ब्रिटिश सरकारनें १८ मे २०२० रोजीं हें लक्षण आपल्या अधिकृत यादींत घातलें. आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयानें १३ जून २०२० च्या सुधारित उपचारपद्धतींत घातलें. मध्यंतरीं मार्चच्या अखेरीस आमच्या बुलढाणा जिल्ह्यांतील पहिला मृत्यु होऊन गेला होता, शेगांवचें मंदिर बंद झालें होतें, आणि घाटावरचा व घाटाखालचा सारा मुलूख दारें लावून बसला होता.

वैद्यकाची चर्चा करण्याचा मला अधिकार नाहीं. माझा प्रश्न भाषेचा व वाङ्मयाचा आहे. जें लक्षण दुसऱ्याला दिसत नाहीं, ऐकूं येत नाहीं, हाताला लागत नाहीं, केवळ रोग्याच्या तोंडूनच कळतें, त्याची ओळख पटावयाची तर रोग्याच्या भाषेंत त्याला नेमकें नांव पाहिजे. मराठींत तें होतें काय? माझें उत्तर असें कीं, तें हाताशीं नव्हतें. आणि तें नव्हतें याचें एक कारण हें कीं आमच्या वाङ्मयानें गंधाला शतकानुशतकें अलंकार म्हणून मिरविलें, पुरावा म्हणून क्वचितच ऐकून घेतलें.

जुन्या सांथींचीं लक्षणें आठवून पाहावीं. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग शिरला, तेव्हां त्याची खूण म्हणजे काखेंतली किंवा जांघेंतली गांठ. आणि त्याच्याहि आधींची खूण म्हणजे घरांत पडलेला उंदीर. 'उंदीर पडला' या दोन शब्दांवर गांवेंच्या गांवें शेतांत झोंपड्या घालून राहावयास जात. देवीचे फोड तर सर्व अंगभर लिहिलेले असत. महारोगांत चट्टा बधिर होतो, म्हणजे तेथें कांहीं उमटत नसून कांहीं नाहींसें होत असतें; पण तेंहि डॉक्टरला पिसानें अगर टांचणीनें पारखून पाहतां येतें. आमच्या जळगांव जामोद तालुक्यांत भेंडवळ येथें अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते. रात्रभर उघड्यावर मांडून ठेवलेलीं धान्यें सकाळीं कोणत्या दिशेला सरकलीं हें पाहून पुढील हंगामाचें भाकीत सांगतात. त्या भाकितावर माझा विश्वास नाहीं. तथापि ती लक्षणविद्या निदान सार्वजनिक आहे. दाणा हलला कीं नाहीं, हें जमलेल्या शेंकडों डोळ्यांना दिसतें. गंध गेला कीं नाहीं, हें मात्र ज्याचें नाक त्यालाच ठाऊक, आणि पुष्कळदां त्यालाहि नाहीं.

डोळ्याचें राज्य केवढें आहे याचें उदाहरण त्याच आठवड्यानें आमच्याच जिल्ह्यांत घालून दिलें. जून २०२० च्या दुसऱ्या आठवड्यांत लोणारच्या सरोवराचें पाणी गुलाबी झालें. क्षारयुक्त पाण्यांत वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळें तो रंग आला, असें पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणींत पुढें दिसून आलें. त्या रंगाचीं छायाचित्रें देशभर गेलीं. ज्यांनीं लोणार प्रत्यक्ष पाहिलें आहे त्यांना तें विवर उतरून गेल्यावर प्रथम काय भेटतें हें माहीत आहे. तळ्याच्या कांठचा सडक्या अंड्यासारखा उग्र दर्प पाण्याच्याहि आधीं सामोरा येतो. त्या दर्पाबद्दल कोणत्या वृत्तपत्रानें काय लिहावें? छायाचित्राला नाक नसतें. ज्या आठवड्यांत सरकारनें नाकाची साक्ष ग्राह्य धरली, त्याच आठवड्यांत एका सरोवराच्या रंगानें सारा देश वेधून घेतला, हा निव्वळ योगायोग. पण बोलका योगायोग.

आतां भाषेकडे वळूं. मराठी पत्रकांतून व वृत्तपत्रांतून या लक्षणाला सामान्यपणें 'वास न येणें' व 'चव न लागणें' असें म्हटलें गेलें. शब्द सोपे, घरगुती, कोणालाहि कळतील असे. परंतु सोपा शब्द नेमका असतोच असें नाहीं. मराठींत 'येणें' हें क्रियापद हुंगणाऱ्याकडेहि लागतें आणि हुंगल्या जाणाऱ्या वस्तूकडेहि लागतें. 'मला वास येतो' आणि 'दुधाला वास येतो' या दोन वाक्यांची ठेवण एकच. पहिल्यांत मी वास घेणारा, दुसऱ्यांत दूध वास देणारें. त्यांतून 'वास' हा शब्द विशेषणाशिवाय वस्तूला लावला कीं तो दुर्गंध समजावयाचा, असा आमचा संकेत. 'दुधाला वास येतो' म्हणजे दूध नासलें. मग 'दुधाला वास येत नाहीं' ही तर शिफारस झाली! ज्या वाक्यानें एखाद्या बाईनें आपला रोग सांगावयाचा, त्याच वाक्यानें ती गवळ्याची स्तुति करीत असते.

याचा परिणाम कल्पनेनें रंगविण्याची गरज नाहीं. त्या दिवसांत अनेक घरांत घडलेली हकीकत मीं एकाहून अधिक तोंडांनीं ऐकली आहे. फोडणी टाकली आणि वास उठला नाहीं, तर पहिला संशय हिंगावर गेला. 'हिंगाला आतां पहिल्यासारखा वासच नाहीं.' मग तेलावर गेला, मग भेसळ करणाऱ्या दुकानदारावर. उदबत्ती लावली, तीहि वांझ निघाली. दोष वस्तूचा, असें भाषाच सुचवीत होती. आपल्या नाकाकडे बोट जाण्यास दोन-तीन दिवस लागले, आणि सांथीच्या हिशेबांत हे दिवस थोडे नव्हेत. इंग्रजींत हुंगणारा व हुंगलेली वस्तु हा घोटाळा काहींसा याच प्रकारचा आहे. पण तेथें लक्षणासाठीं गंधज्ञानाची हानि अशा अर्थाचें निराळें नाम वापरलें गेलें, त्यामुळें जें गेलें तें माणसाचें गेलें, वस्तूचें नव्हे, हें स्पष्ट राहिलें.

'चव' या शब्दानें तर अधिकच घात केला. आमच्या वऱ्हाडांत कोणताहि ताप आला कीं माणूस म्हणतो, 'तोंडाले चव नाही.' तें तापाचें सनातन गाऱ्हाणें आहे. तें ऐकून कोणीहि दचकत नाहीं. आतां शरीरशास्त्र असें सांगतें कीं, जिला आपण चव म्हणतों तिचा मोठा भाग वस्तुतः गंधच असतो. घांस चावतांना त्यांतील गंधकण घशाच्या मागील वाटेनें नाकाच्या छतापर्यंत चढतात; जिव्हेला स्वतःच्या बळावर गोड, खारट, आंबट, कडू असे मोजकेच भेद कळतात. तेव्हां गंध गेलेला मनुष्य 'चव गेली' असेंच सांगणार, आणि ऐकणारा त्याचें तें सांगणें नेहमींच्या तापांत जमा करणार. आमच्या रसवादी साहित्यशास्त्रज्ञांनींहि या गोष्टीचा विचार करण्यासारखा आहे. ज्या आस्वादाचा दृष्टान्त त्यांनीं हजार वर्षें दिला, त्याचा अर्धाअधिक भाग त्यांनीं न उल्लेखिलेल्या इंद्रियाचा होता.

आणखी एक फसवणूक ठेच्याची. मिरचीची जळजळ ही ना चव ना गंध. ती तोंडाच्या व चेहऱ्याच्या स्पर्शवेदना वाहून नेणाऱ्या निराळ्याच मज्जातंतूचें काम आहे. कांदा चिरतांना डोळ्यांत पाणी येतें तेंहि त्याच वाटेनें. गंध गेला तरी ही वाट बहुधा मोकळी राहते. ज्या मुलखांत भाकरीबरोबर ठेचा आणि वर कच्चा कांदा असा जेवणाचा थाट, तेथें गंध हरवलेला मनुष्य चार घांस खाऊन खुशाल म्हणणार, 'तिखट तर लागतें. म्हणजे चव आहे.' साक्षीदार खोटें बोलत नव्हता. त्याला प्रश्नच चुकीचा विचारला गेला होता.

कोणी म्हणेल, साध्या माणसाला इतके बारीक भेद कोठून सुचणार? मला हा आक्षेप मान्य नाहीं. बारीक भेद करणारे शब्द साध्या माणसापाशींच आहेत. नाहींत ते ग्रंथांत. करपट, खवट, कुबट, ओशट, आंबूस, जळकट, धुरकट, मातकट, हिरवट, कोंदट, किती म्हणून सांगावे? एका वासाचा शब्द दुसऱ्याला लावून पाहा. कोणतीहि गृहिणी तत्काळ चूक दाखवील. पण या शब्दांकडे नीट पाहिलें तर त्यांचा स्वभाव लक्षांत येतो. ते बहुतेक सारे तक्रारीचे शब्द आहेत. कांहीं तरी बिघडलें, नासलें, जळलें, मुरलें, याची वर्दी देणारे ते घरचे चौकीदार आहेत. चांगल्या वासासाठीं मात्र 'खमंग', 'घमघमाट', 'दरवळ' असे थोडे अस्सल शब्द सोडले, तर आम्हीं सुगंध, सुवास, परिमळ, सौरभ अशी संस्कृताची उसनवारी केली. आणि त्या चारांचा अर्थ एकच. म्हणजे आमच्या स्वयंपाकघराचें नाक तीक्ष्ण आणि आमच्या काव्याचें नाक चोंदलेलें! याहून बोलका पुरावा पाहिजे असल्यास 'घाण' हा शब्द घ्यावा. तो संस्कृत 'घ्राण' याचाच वंशज. ज्या शब्दानें इंद्रियाचें नांव सांगावयाचें, त्यानें आम्ही आतां उकिरडा दाखवितों. डोळ्याच्या नांवाची अशी विटंबना कोणत्याहि भाषेनें केल्याचें माझ्या ऐकिवांत नाहीं.

जुन्या वैद्यांनीं मात्र घ्राणाला कवींहून अधिक गंभीरपणें वागविलें. चरकाच्या इंद्रियस्थानांत मरण जवळ आल्याच्या ज्या खुणा दिल्या आहेत त्यांत ही एक आहे कीं, ज्याला सुगंध हा दुर्गंध वाटूं लागतो व दुर्गंध हा सुगंध, किंवा ज्याला गंध मुळींच कळेनासा होतो, त्याचें आयुष्य सरलें असें समजावें. सुश्रुतानें सूत्रस्थानांत हेंच सांगतांना विझलेल्या दिव्याच्या वासाचा उल्लेख केला आहे, आणि एक मोलाची अट घातली आहे: मनुष्य 'नीरुज' असतां, म्हणजे गंध न कळण्यासारखा दुसरा कांहीं रोग नसतां, असें झालें तर. पुढें ही कल्पना सुभाषितांत उतरली. ज्याची घटका भरली आहे त्याला विझल्या दिव्याचा वास येत नाहीं, मित्राचा उपदेश ऐकूं येत नाहीं आणि अरुंधतीचा तारा दिसत नाहीं, असा त्या प्रसिद्ध श्लोकाचा आशय आहे. श्लोक सुंदर आहे. पण वैद्याची अट त्यांतून गळाली, हें ध्यानांत ठेविलें पाहिजे. सुभाषितकाराला चमत्कृति हवी होती. सुश्रुताला निदान हवें होतें.

येथें एक इशारा देणें प्राप्त आहे. कोविडची खूण आमच्या ऋषींना ठाऊक होती, असें म्हणणारे उत्साही लोक २०२० मध्यें नव्हते असें नाहीं, आणि वरील वचनें त्यांच्या हातीं पडलीं तर ते त्यांचा ध्वज करतील. तसें करणें म्हणजे ग्रंथाचा अपमान होय. चरक-सुश्रुत हें मरणाचें चिन्ह म्हणून सांगतात. कोविडमध्यें गंध गेलेल्या माणसांपैकीं बहुसंख्य बरे झाले, आणि सौम्य आजारांतहि हें लक्षण सर्रास दिसलें. तेव्हां भाकीत म्हणून तीं वचनें साफ लटकीं पडतात. त्यांचें खरें मोल निराळ्या ठिकाणीं आहे. गंध जाणें व गंध उलटा होणें या दोन अवस्था त्यांनीं वेगळ्या ओळखल्या, आणि निरोगी नाकाची अट घातली. २०२० च्या इशाऱ्याचें वैशिष्ट्य तेंच होतें. पडशानें नाक चोंदलें म्हणजे वास येत नाहीं, यांत नवल नाहीं; नाक मोकळें असून वास येत नाहीं, हें नवल. त्याच वर्षीं झालेल्या संशोधनानें त्याचें कारणहि पुष्कळ अंशीं उलगडलें: हा विषाणु गंध ओळखणाऱ्या मज्जापेशींत सहसा शिरत नाहीं, त्यांना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींना तो पछाडतो, आणि आधार ढासळला कीं वरची यंत्रणा मुकी होते. म्हणूनच पुष्कळांना कांहीं आठवड्यांत गंध परत मिळाला. निरीक्षणाची शिस्त जुनी असूं शकते, ज्ञान नवें असतें. दोन्हींचा मान राखावयाचा तर त्यांची सरमिसळ करूं नये.

आतां कवींकडे. कालिदासाला प्रथमच बाजूला काढलें पाहिजे, कारण तो अपवाद आहे. रघुवंशाच्या तिसऱ्या सर्गांत गर्भवती सुदक्षिणेनें माती खाल्ली हें दिलीपाला तिच्या मुखाच्या गंधावरून कळतें, आणि तो गंध हुंगून त्याची तृप्ति होत नाहीं. मेघदूतांत जळलेल्या रानांतून पहिल्या सरीनंतर उठणारा मातीचा वास हुंगणारे सारंग मेघाची वाट सांगतात. दोन्ही ठिकाणीं गंध हा पुरावा आहे. त्यावरून कांहीं तरी कळतें. हें कवीचें मोठेपण म्हणावयाचें, कीं सुश्रुताच्या परंपरेंत वाढलेल्या संस्कृतीचा तो सहज संस्कार म्हणावयाचा, हें सांगणें कठीण.

ज्ञानेश्वरांनीं सहाव्या अध्यायांत आपल्या मराठी बोलांविषयीं जी प्रतिज्ञा केली तींत नाकालाहि वांटा आहे. या शब्दांसाठीं इंद्रियांत भांडण लागेल, जिव्हा त्यांना रस म्हणेल, आणि घ्राणाला ते परिमळ वाटतील. प्रतिज्ञा अपूर्व, आणि ज्ञानेश्वरांच्यापुरती ती खरीहि ठरली. परंतु त्यांच्यामागून आलेल्यांनीं 'परिमळ' उचलला आणि घ्राण तेथेंच टाकलें. कीर्तीचा परिमळ, भक्तीचा परिमळ, सद्गुणांचा परिमळ. जें दिसत नाहीं पण पसरतें, त्या सर्वांना हा एक शब्द पुरला. गंध हा गंध म्हणून उरलाच नाहीं.

अर्वाचीन कवितेनें निसर्ग नव्यानें पाहिला, असें आपण वर्गांत शिकवितों. 'पाहिला' हेंच खरें. बालकवींच्या 'औदुंबरा'ंत आठ ओळींत निळा, हिरवा, पांढरा, काळा असे रंग येतात, वळणें येतात, खोली येते. वास एकहि येत नाहीं, आणि त्यामुळें कवितेचें कांहीं अडतहि नाहीं. याचा उगम अंशतः इंग्रजी काव्यांत आहे असें मला वाटतें. ज्या वर्डस्वर्थला आमच्या दोन-तीन पिढ्यांनीं निसर्गकवितेचा गुरु मानलें, त्याला गंधज्ञान जवळजवळ नव्हतें, असें त्याच्या निकटच्या मंडळींनीं नमूद करून ठेविलें आहे. निसर्गाचा एवढा मोठा उपासक, आणि फुलांच्या वाफ्याजवळून तो कोरड्या नाकानें जाई! त्याची कविता उणी झाली असें मी म्हणत नाहीं. त्याचें अनुकरण करणाऱ्यांना मात्र चांगलीं नाकें असून त्यांनीं तीं वापरलीं नाहींत, एवढीच माझी तक्रार. आमच्या मेहकरचे ना. घ. देशपांडे यांच्याविषयीं या जिल्ह्याला रास्त अभिमान आहे. त्यांची जी कविता जी. एन. जोशी यांच्या कंठांतून घरोघर गेली ती 'शीळ' होय. म्हणजे कानाची कविता. १९८६ सालीं 'खूणगाठी'ला साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें. रानांतून शीळ येते, आणि तिच्याबरोबर रानाचा वासहि येत असला पाहिजे; पण आमचे कान तृप्त झाल्यावर आम्ही पुढें विचारीत नाहीं. सचिन कुंडलकर यांच्या 'गंध' (२००९) या चित्रपटानें तीन कथा याच सूत्रांत ओवल्या, त्यांतल्या एकींत विषाणुग्रस्त रोगीहि आहे. हा विषय मराठींत अस्पर्श नव्हता, एवढें त्यावरून म्हणतां येतें.

वाङ्मयावर एवढा भार कां टाकावा, असा प्रश्न राहतो. कवींनीं गंधाचीं वर्णनें केलीं असतीं तर सांथ थांबली असती काय? नसती. परंतु या लक्षणांत साक्ष देण्याचा जो प्रश्न होता, तो केवळ शब्दसंग्रहाचा नव्हता, विश्वासाचाहि होता. 'मला वास येईनासा झाला' हें वाक्य २०२० सालीं महाग होतें. तें उच्चारणाराला घरापासून तोडून कोविड केंद्रांत नेलें जाई, दारावर पत्रक लागे, गल्ली बंद होई, शेजारी तोंड फिरवीत. ताप लपवितां येत नसे, कारण दुकानाच्या व कचेरीच्या दारांत कपाळावर यंत्र रोखलेलें असे. १५ सप्टेंबर २०२० पासून राज्यांत 'माझें कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम निघाली. आशाताई व त्यांचे सहकारी घरोघर हिंडून अंगाचें तापमान व रक्तांतील प्राणवायु मोजीत होते. त्यांच्या श्रमांना तोड नव्हती. थर्मामीटरला व ऑक्सिमीटरला आंकडा दिसतो, आणि आंकड्यावर सरकारचा विश्वास बसतो. नाकाला आंकडा नाहीं. त्याची साक्ष रोग्यानें आपण होऊन द्यावयाची, तिची किंमत त्यानेंच भरावयाची, आणि ती खरी कीं खोटी हें कोणालाहि तपासतां यावयाचें नाहीं. अशा स्थितींत कित्येक जण गप्प बसले, तर त्यांना सरसकट बेजबाबदार म्हणणें मला जड जातें. फेब्रुवारी २०२१ मध्यें अमरावती विभागांत सांथ पुन्हां भडकली व आमच्याहि शहरांवर निर्बंध आले, तेव्हां ही किंमत लोकांना चांगली ठाऊक झाली होती.

ज्यांना गंध परत मिळाला तो विकृत होऊन मिळाला, त्यांची स्थिति याहून अवघड होती. कांदा, लसूण, कॉफी, भाजलेले पदार्थ यांचा वास कित्येकांना सडल्यासारखा येऊं लागला, आणि तो महिनोन् महिने टिकला. घरांतील माणसांना तोच कांदा चांगला लागत असतां एकानें ताट दूर सारावें, याला मराठींत एकच नांव तयार होतें: 'नखरे'. सून असेल तर दुसरें नांवहि तयार असतें. जेथें अनुभवाला शब्द नाहीं, तेथें स्वभावाला दोष येतो. चरकाचा 'विपर्यय' हा शब्द येथें बिनतोड बसतो. 'गंधलोप' आणि 'गंधविपर्यय' अशी जोडी आमच्या वैद्यकीय मराठींत रूढ करावी, आणि बोलींत 'नाक मुकें झालें', 'नाक उलटें झालें' असें म्हणावें, अशी माझी सूचना आहे. दोन्हींत दोष नाकाकडे राहतो, हिंगाकडे किंवा सुनेकडे जात नाहीं.

हें लक्षण म्हणून आतां पूर्वीइतकें उपयोगाचें राहिलेलें नाहीं. २०२१ च्या नोव्हेंबरांत ओळखला गेलेला ओमायक्रॉन हा प्रकार पसरल्यावर गंध जाण्याचें प्रमाण बरेंच घटलें, आणि ज्या साक्षीदाराला बोलावून आणण्यास जगाला इतकी यातायात पडली, तो दोनएक वर्षांत पुन्हां मागच्या बांकावर जाऊन बसला. सर्दी व इन्फ्ल्युएंझा यांनींहि गंध जातो, हें डॉक्टरांना आधींपासून ठाऊक होतें. तो तसा यापुढेंहि जात राहील. ज्यांचा गेला आहे त्यांच्या घरीं गळणाऱ्या गॅसचा धोका आहे, कारण त्या वायूंत मुद्दाम मिसळलेला उग्र वास त्यांना कळणार नाहीं. शिळ्या अन्नाचा धोका आहे. आणि जेवणांतील आनंद गेल्यानें येणारी उदासी आहे, जिची दखल कोणत्याच पत्रकानें पुरेशी घेतली नाहीं.

उपचार म्हणून जो अभ्यास सांगतात तो जर्मनींतील ड्रेस्डेन येथील डॉ. थॉमस हुमेल यांनीं २००९ मध्यें मांडला. गुलाब, लिंबू, लवंग व निलगिरी हे चार वास सकाळ-संध्याकाळ, प्रत्येक कांहीं सेकंद, मन लावून हुंगावयाचे, आणि हा क्रम कांहीं महिने चालवावयाचा. यांतील लवंग व लिंबू प्रत्येक घरांत असतात. निलगिरीचें तेल सर्दीच्या दिवसांत आम्ही विकत आणतोंच. गुलाबाच्या जागीं गुलाबपाणी चालेल कीं नाहीं, हें डॉक्टरला विचारावें. हुंगतांना त्या त्या वासाची आठवण मनांत जागी करावी, असेंहि सांगतात. लवंगेची आठवण सांगा म्हटल्यावर आमच्यापैकीं किती जणांना एक धड वाक्य बोलतां येईल, याची परीक्षा माझ्या विद्यार्थ्यांपुरती मीं घेतली आहे. चाळीसांच्या वर्गांत पस्तीसांनीं 'छान' असें लिहिलें. एका मुलीनें लिहिलें होतें कीं, आजी दाढ दुखतांना कापसाच्या बोळ्यावर लवंगेचें तेल घाली, तेव्हां घरांत जो वास पसरे त्यांत थोडी भीति असे. तिला मीं पैकींच्या पैकी गुण दिले.